‘टेकन’ : तीन घराणी, चार पिढ्या आणि प्रेक्षकांचे मतभेद (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ही नेमकी कोणती मालिका आहे?

‘टेकन’ ही दहा भागांची अमेरिकी लघुमालिका २ ते १३ डिसेंबर २००२ या काळात, शनिवार-रविवार वगळून रोज रात्री एक भाग याप्रमाणे, सायफाय वाहिनीवर दाखवली गेली. दहाही भाग लेस्ली बोहेम यांनी लिहिले, स्टीव्हन स्पीलबर्ग कार्यकारी निर्माते होते आणि प्रत्येक भाग वेगळ्या दिग्दर्शकाकडे सोपवला होता. जाहिराती वगळल्या तर एक भाग साधारण दीड तासाचा होतो, म्हणजे संपूर्ण मालिका पाहायला सुमारे पंधरा तास लागतात. एवढा मोठा प्रेक्षकवर्ग त्या वाहिनीला त्यापूर्वी कधी मिळाला नव्हता, आणि २००३ मध्ये सर्वोत्कृष्ट लघुमालिकेचा एमी पुरस्कारही तिने मिळवला. तरीही जे प्रेक्षक ती आज पाहतात त्यांच्यात एकमत क्वचितच होते. कोणी तिला परग्रहवासीयांवरची सर्वांत गंभीर मालिका मानतो, तर कोणी तिसऱ्या भागातच ती सोडून देतो. खालील उत्तरे या मतभेदांचा माग घेण्यासाठी लिहिली आहेत. त्यांत कथानकाचा बराच भाग उघड होतो, हे ध्यानात ठेवावे.

याच नावाचा मारधाडीचा चित्रपट आणि ही मालिका यांचा काही संबंध आहे का?

नाही. २००८ चा तो चित्रपट आणि त्यावरून २०१७ मध्ये निघालेली मालिका यांत माणसांनी केलेल्या अपहरणाची गोष्ट आहे. २००४ साली सुरू झालेल्या ‘द ४४००’ या मालिकेशीही अनेकांची गल्लत होते आणि ती समजण्यासारखी आहे, कारण तिथेही नाहीशी झालेली माणसे परत येतात आणि ‘टेकन’मध्ये ओवेन क्रॉफर्ड झालेला जोएल ग्रेच तिथे प्रमुख भूमिकेत आहे. मात्र दोन्ही कथा पूर्णपणे स्वतंत्र आहेत.

तीन घराण्यांची गुंफण कशी आहे? वंशावळ लक्षात राहत नाही.

ही तक्रार रास्त आहे, कारण तोच माणूस बालपणी एका नटाच्या आणि मोठेपणी दुसऱ्या नटाच्या रूपात समोर येतो, आणि रोज एक भाग न पाहणाऱ्याला मधली नावे विसरायला होते.

पहिले घराणे कीज यांचे. रसेल कीज हा दुसऱ्या महायुद्धातला बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक. १९४४ मध्ये युरोपच्या आकाशात निळसर दिव्यांनी त्याचे विमान घेरले जाते आणि नक्की मरणार असे वाटणारी तुकडी कशीबशी जिवंत परतते. युद्ध संपल्यावर आपले सहकारी एकामागून एक मरण पावल्याचे त्याला कळते, आणि पुढे त्याहून भयंकर गोष्ट उमगते : जे परग्रहवासी आपल्याला उचलून नेत होते ते आता आपल्या मुलाला, जेसीला, नेत आहेत. जेसीचा मुलगा चार्ली हा या घराण्याचा तिसरा वारस.

दुसरे घराणे क्रॉफर्ड यांचे. ओवेन क्रॉफर्ड हा १९४७ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातल्या रॉझवेल गावाजवळच्या लष्करी तळावर असलेला महत्त्वाकांक्षी अधिकारी, त्याचा मुलगा एरिक आणि एरिकची मुलगी मेरी. या घराण्यातल्या कोणालाही परग्रहवासी नेत नाहीत. हे लोक त्यांच्या मागावर असतात.

तिसरे घराणे क्लार्क यांचे. टेक्सासमधल्या लबक गावी राहणारी सॅली क्लार्क ही दोन मुलांची आई आहे. संसार असूनही ती एकटी पडलेली आहे. रॉझवेलजवळ यान कोसळले त्या अपघातातून वाचलेला एक परग्रहवासी माणसाच्या रूपात, जॉन या नावाने, तिच्याकडे आश्रयाला येतो. त्या दोघांचा मुलगा जेकब, जेकबची मुलगी लिसा. पुढे चार्ली कीज आणि लिसा क्लार्क यांची मुलगी ॲली जन्माला येते, आणि तीच या सगळ्या कथेची निवेदक आहे. रसेल, जेसी, चार्ली, ॲली अशी एक ओळ आणि जॉन, जेकब, लिसा, ॲली अशी दुसरी ओळ कागदावर लिहून ठेवली की निम्मा गोंधळ मिटतो.

मालिका फार संथ आहे, असे अनेक जण म्हणतात. ते खरे आहे का?

खरे आहे, पण सगळीकडे सारखे खरे नाही. पहिल्या दोन भागांत संथपणा कथेला पोसतो : सॅलीच्या स्वयंपाकघरात अनोळखी माणसासमोर बसून चाललेले संभाषण घाईने उरकले असते तर पुढच्या पन्नास वर्षांची गोष्ट ज्या एका आठवणीवर उभी आहे ती आठवणच घडली नसती. याउलट मधल्या काही भागांत तेच ते चक्र फिरत राहते. कोणाला तरी नेले जाते, तो परत येतो, घरच्यांना समजावू शकत नाही आणि लष्कर त्याच्या मागे लागते. या आवर्तनाचा बचाव करणारे म्हणतात की पिढीजात दुःखाचे स्वरूपच असे असते. त्यात तथ्य आहे, तरी पंधरा तासांपैकी दोन तास सहज कमी करता आले असते असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. मे २००२ मध्ये ‘द एक्स-फाइल्स’ ही गूढ प्रकरणांच्या तपासाची मालिका नऊ हंगामांनंतर बंद झाली होती, आणि डिसेंबरमध्ये ‘टेकन’ पाहायला बसलेल्या कित्येकांना दर आठवड्याला एक प्रकरण, एक तपास आणि एक अर्धवट उत्तर या आखणीची सवय झाली होती. इथे तपास करणारे कोणी नायक नाहीत. जे तपास करतात तेच कथेतले खलपुरुष आहेत. ‘काहीच घडत नाही’ या तक्रारीचा उगम पुष्कळदा या अपेक्षाभंगात सापडतो.

परग्रहवासीयांपेक्षा क्रॉफर्ड कुटुंबच जास्त भीतिदायक का वाटते?

कारण मालिकेचा खरा विषय वारसा आहे, आणि तो क्रॉफर्डांच्या घरात सर्वांत निर्दयपणे दिसतो. कीज घराण्यात भीती वारशाने येते आणि क्लार्क घराण्यात अलौकिक शक्ती. क्रॉफर्ड घराण्यात येतो तो ध्यास. ओवेन सुरुवातीला केवळ बढती हवी असलेला अधिकारी आहे. कोसळलेल्या यानाच्या अवशेषांचा एक तुकडा ज्या तरुणीच्या हाती लागतो तिचा तो खून करतो, वरिष्ठाला शह देऊन परग्रहवासीयांचा माग काढणारा लष्करी प्रकल्प ताब्यात घेतो, त्याच वरिष्ठाच्या मुलीशी लग्न करतो आणि तिच्या वाट्याला वैराण आयुष्य ठेवतो. एरिकला बापाची शाबासकी कधीच मिळत नाही, म्हणून तो बापाचेच काम हाती घेतो. मेरीपर्यंत येईस्तोवर त्या ध्यासाला कारणही उरलेले नसते. तिला उत्तर हवे आहे, आणि त्या उत्तरासाठी एका लहान मुलीचा वापर करावा लागला तरी तिचे मन कचरत नाही.

परग्रहवासीयांना माणसाच्या यातना कळत नाहीत, असे मालिका सांगते. क्रॉफर्डांना त्या कळतात आणि तरीही ते थांबत नाहीत. ज्या प्रेक्षकांना ही मालिका मनापासून आवडली त्यांच्यापैकी बरेच जण ओवेनच्या भूमिकेचा उल्लेख आधी करतात आणि उडत्या तबकड्यांचा नंतर, हे त्यामुळेच. जोएल ग्रेचने त्याला राक्षस म्हणून रंगवलेले नाही. तो हसतमुख, आर्जवी आणि कामसू दिसतो, आणि म्हणूनच अधिक अंगावर येतो. मेरीची भूमिका करणारी हेदर डॉनह्यू ही १९९९ मधल्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मुळे प्रसिद्ध झाली होती. तिची मेरी काहींना एकसुरी वाटते, आणि शेवटच्या दोन भागांपुरता हा आक्षेप मान्य करावा लागतो.

ॲलीचे निवेदन काहींना इतके का खटकते?

प्रत्येक भागाच्या सुरुवातीला आणि शेवटी ॲली जीवन, भीती, आशा, एकटेपणा अशा विषयांवर बोलते. आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडी पोक्त माणसाचे चिंतन घातले आहे, ते कृत्रिम वाटते, आणि दृश्यांतून जे आधीच कळले आहे तेच पुन्हा शब्दांत सांगितले जाते, असा आक्षेप आहे. बाजूने बोलणारे सांगतात की ॲली सामान्य मुलगी नाही, तिला स्वतःच्या जन्मापूर्वीचेही ठाऊक आहे, आणि पहिल्या भागापासून ऐकू येणारा हा आवाज कोणाचा हे हळूहळू उलगडणे हाच मालिकेचा एक धागा आहे.

दोन्ही बाजू ऐकल्यावर असे वाटते की कल्पना चांगली होती, मात्रा चुकली. १९४४ च्या विमानावर अजून न जन्मलेल्या पणतीचा आवाज ऐकू येणे हे सुंदर आहे. पण वीस वेळा सुविचार ऐकवल्यावर एकविसाव्या वेळी प्रेक्षकाचे कान बंद होतात.

डकोटा फॅनिंगच्या कामाविषयी काय मत आहे?

याबाबत आश्चर्यकारक एकवाक्यता आहे. प्रसारणाच्या वेळी ती अवघी आठ वर्षांची होती, आणि ज्यांना मालिका आवडली नाही तेही तिचे काम मात्र नाकारत नाहीत. तीन वर्षांची ॲली तिची धाकटी बहीण एल फॅनिंग हिने साकारली आहे. लहान जेकबच्या भूमिकेतला अँटन येल्चिनही तेवढाच उल्लेखनीय आहे : समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहून त्याला त्याची सर्वांत खोल भीती दाखवणारा हा मुलगा कोठेही आवाज चढवत नाही. येल्चिन २०१६ मध्ये वयाच्या २७ व्या वर्षी अपघातात गेला, त्यामुळे आज ती दृश्ये पाहताना मन थोडे अधिक जड होते. मॅट फ्रूअरने रंगवलेला डॉ. वेकमन हा विक्षिप्त शास्त्रज्ञ काहींना मालिकेच्या गंभीरपणाशी विसंगत वाटतो. पण तो पडद्यावर नसता तर नंतरचे भाग आणखी जड झाले असते.

रॉझवेलचे प्रकरण मालिकेत दाखवले आहे तसेच घडले होते का?

नाही. जे नोंदलेले आहे ते असे. न्यू मेक्सिको राज्यात, रॉझवेलच्या वायव्येला बऱ्याच अंतरावर, मॅक ब्रेझल या पशुपालकाला १९४७ च्या उन्हाळ्यात रबराच्या पट्ट्या, चकचकीत कागदी पत्रा आणि बारीक काठ्या असा कचरा पसरलेला सापडला. जुलैच्या सुरुवातीला त्याने तो गावात कळवला. तळावरचे गुप्तवार्ता अधिकारी मेजर जेसी मार्सेल तो गोळा करायला गेले. ८ जुलै रोजी तळाच्या जनसंपर्क अधिकाऱ्याने ‘उडती तबकडी’ हाती लागल्याचे पत्रक काढले आणि लगेचच फोर्ट वर्थ येथील ब्रिगेडियर जनरल रॉजर रेमी यांनी तो हवामानाचा फुगा असल्याचे जाहीर केले. त्या वेळच्या बातम्यांत परग्रहवासीयांच्या मृतदेहांचा उल्लेखही नाही.

त्यानंतर जवळपास तीस वर्षे हे प्रकरण विस्मरणात गेले होते. १९७८ मध्ये मार्सेल यांची मुलाखत झाली, १९८० मध्ये पहिले पुस्तक आले, आणि मृतदेह, गुप्त शवविच्छेदन, साक्षीदारांना धमक्या ही सर्व सामग्री नंतर जमा होत गेली. अमेरिकी हवाई दलाने १९९४ च्या अहवालात सांगितले की तो कचरा ‘प्रोजेक्ट मोगल’ या गुप्त प्रकल्पातल्या फुग्यांच्या माळेचा होता. सोव्हिएत अणुचाचण्यांचा आवाज वातावरणाच्या वरच्या थरांत टिपण्यासाठी असे फुगे सोडले जात होते. १९९७ च्या दुसऱ्या अहवालाने मृतदेहांच्या कथांची उकल उंचावरून टाकलेल्या चाचणी-बाहुल्यांतून करण्याचा प्रयत्न केला. या बाहुल्यांचे प्रयोग १९५० च्या दशकातले असल्याने हे स्पष्टीकरण काहींना आजही लंगडे वाटते. एवढे मात्र निश्चित की लपवाछपवी झाली होती. लपवले होते ते शीतयुद्धाचे यंत्र.

मालिकेने या घटनेत यान, मृतदेह आणि एक वाचलेला प्रवासी आणून ठेवला. इतिहास म्हणून हे चुकीचे आहे. कथानक म्हणून मात्र ते अचूक आहे, कारण अमेरिकी लोकांच्या मनात रॉझवेल याच रूपात वस्तीला आले आहे.

लबकच्या दिव्यांचा उल्लेख खरा आहे का?

लबकमध्ये दिवे दिसल्याचे प्रकरण खरे आहे, पण ते १९५१ चे. त्या ऑगस्टमध्ये टेक्सास टेक या तिथल्या महाविद्यालयातील काही प्राध्यापकांनी आकाशातून जाणारी प्रकाशबिंदूंची अर्धवर्तुळाकार रांग पाहिली आणि एका विद्यार्थ्याने काढलेली छायाचित्रे देशभर गाजली. सॅलीचे घर नेमके याच गावात ठेवणे ही जाणकार प्रेक्षकांसाठी लेखकाने केलेली खूण आहे. त्याचप्रमाणे रसेलच्या विमानाभोवतीचे दिवे हेही कल्पनेतून आलेले नाहीत : १९४४ च्या अखेरीस ऱ्हाइन नदीच्या परिसरात रात्री उड्डाण करणाऱ्या दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांनी अशा दिव्यांच्या नोंदी केल्या होत्या.

माणसांना यानात नेऊन त्यांची तपासणी करण्याची कल्पना मुळात आली कुठून?

तिचा सर्वांत प्रभावी स्रोत बेटी आणि बार्नी हिल हे दांपत्य होय. सप्टेंबर १९६१ मधल्या एका रात्री ते कॅनडातली सुटी संपवून न्यू हॅम्पशायरमधल्या आपल्या घरी मोटारीने परतत होते. वाटेत त्यांना एक प्रकाश पाठलाग करताना दिसला. घरी पोहोचायला अपेक्षेपेक्षा सुमारे दोन तास अधिक लागले आणि त्या दोन तासांचे काहीच आठवेना. पुढे बेटीला स्वप्ने पडू लागली, बार्नीला पोटाच्या व्रणाचा आणि मानसिक ताणाचा त्रास झाला, आणि १९६४ मध्ये बोस्टनचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. बेंजामिन सायमन यांनी दोघांना स्वतंत्रपणे संमोहित केले. त्या सत्रांत यानात नेल्याची, अंगावर तपासण्या झाल्याची कथा बाहेर आली. १९६६ मध्ये त्यावर पुस्तक आले, आणि हरवलेला वेळ, संमोहनातून परतलेली स्मृती, मोठ्या डोळ्यांचे ठेंगणे जीव हा साचा रूढ झाला.

इथे एक बाब सांगायलाच हवी. स्वतः डॉ. सायमन यांना अपहरण घडले असे वाटत नव्हते. बेटीची स्वप्ने बार्नीच्या मनात उतरली असावीत असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे संशयवादी अभ्यासकांनी आणखी एक योगायोग दाखवला : बार्नीने २२ फेब्रुवारी १९६४ च्या सत्रात त्या जीवांच्या गुंडाळल्यासारख्या, बोलणाऱ्या डोळ्यांचे वर्णन केले, आणि तसेच डोळे असलेला परग्रहवासी १० फेब्रुवारीला ‘द आउटर लिमिट्स’ या दूरदर्शन मालिकेत दिसला होता. हिल दांपत्याने तो भाग पाहिला होता हे सिद्ध झालेले नाही. तरीही दूरदर्शन आणि ‘स्मृती’ यांचे नाते इतके जुने आहे. २० ऑक्टोबर १९७५ रोजी हिल प्रकरणावरचा दूरचित्रपट प्रसारित झाला आणि ५ नोव्हेंबरला ॲरिझोनातल्या ट्रॅव्हिस वॉल्टन हा लाकूडतोड्या पाच दिवस नाहीसा झाल्याचे प्रसिद्ध प्रकरण घडले. या तारखांवरून काय मानायचे ते प्रत्येक बाजूने आपापल्या परीने ठरवले आहे.

एकाच घराण्यातल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या नेले जाते, ही लेखकाची कल्पना आहे का?

नाही, आणि मालिकेचे मर्म समजायला हे महत्त्वाचे आहे. न्यूयॉर्कमधले चित्रकार बड हॉपकिन्स यांनी अपहरणाचा अनुभव सांगणाऱ्या व्यक्तींच्या मुलाखती व संमोहनसत्रे घेऊन १९८१ आणि १९८७ मध्ये दोन पुस्तके लिहिली. अपहरण एकदाच होत नाही, ते लहानपणापासून पुन्हा पुन्हा होते, आईकडून मुलीकडे जाते, आणि त्यामागे मानव व परग्रहवासी यांची संकरित संतती निर्माण करण्याचा कार्यक्रम आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ आणि पुलित्झर पुरस्कारविजेते लेखक जॉन मॅक यांनी १९९४ मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिले, तेव्हा विद्यापीठाने त्यांच्या कामाची चौकशी केली आणि अखेर त्यांना संशोधन चालू ठेवू दिले.

बोहेम यांनी या दाव्यांची सत्यता तपासण्याच्या भानगडीत न पडता त्यांतला नाट्यमय गाभा उचलला. ‘हे आपल्या मुलालाही होणार’ हे बापाला कळणे, आणि तरीही त्याला वाचवता न येणे. दुर्धर आनुवंशिक आजार असलेल्या घरांतले प्रेक्षक या भागाशी चटकन जोडले जातात, ते यामुळेच. रसेल लहान जेसीला घेऊन पळ काढतो तेव्हा आपण कोणापासून पळतो आहोत हे त्याला सांगता येत नाही, कारण ज्याच्यापासून पळायचे ते रक्तातच आहे. संपूर्ण मालिकेत याहून अस्वस्थ करणारे दुसरे काही नाही.

मग असे अनुभव सांगणारे लोक खोटे बोलतात का?

बहुतेक जण बोलत नाहीत. हार्वर्डमधल्या रिचर्ड मॅकनॅली आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अपहरणाचा अनुभव सांगणाऱ्या दहा जणांना त्यांचीच हकिगत ऐकवली असता त्यांच्या हृदयाचे ठोके, घाम आणि स्नायूंचा ताण हा खऱ्या आघातातून गेलेल्या रुग्णांइतकाच वाढलेला दिसला. श्रद्धा खरी असली की शरीर खरोखर थरथरते. घटना घडली असण्याची त्यासाठी गरज नसते.

अशा अनुभवांच्या मुळाशी पुष्कळदा झोपेतला पक्षाघात असतो, असे संशोधक मानतात. जाग आलेली असते पण शरीर हलत नाही, खोलीत कोणीतरी असल्याची खात्री वाटते, छातीवर दाब येतो, कधी दिवे आणि आकृत्या दिसतात. मग संमोहनात, विशिष्ट उत्तराची अपेक्षा असलेल्या माणसाच्या प्रश्नांना सामोरे जाताना, त्या तुटक अनुभवाला कथेचा आकार येतो. मराठी वाचकाला हे अनोळखी वाटू नये. छातीवर कोणीतरी बसले होते, हे आपल्याकडेही सांगितले जाते, आणि ओळखीच्या रानात रात्रभर फिरून पहाटे भानावर येणाऱ्या माणसाला चकवा लागला असे म्हणतात. हरवलेल्या तासांचा अनुभव तोच, त्याला जबाबदार कोण हे मात्र ज्याच्या त्याच्या मुलुखावर ठरते. १९६० नंतरच्या अमेरिकेत ते उत्तर आकाशातून आले.

मालिका या शक्यतेची दखल घेत नाही. तिच्या जगात अपहरणे निर्विवाद खरी आहेत. काही प्रेक्षकांना हा अप्रामाणिकपणा वाटतो. परंतु भुतांच्या कथेत भूत असायचेच, एवढी सूट दिली की हा वाद पुढे जात नाही.

अमेरिकी सरकारने खरोखर अशी चौकशी केली होती का?

केली होती. हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ने १९५२ ते १९६९ या काळात काम केले आणि त्याच्या व आधीच्या प्रकल्पांच्या मिळून १२,६१८ नोंदी झाल्या. त्यांतल्या ७०१ नोंदींची उकल झाली नाही. क्रॉफर्डांच्या प्रकल्पाशी तुलना केली तर हे फारच रुक्ष, कारकुनी काम होते.

स्पीलबर्ग यांचे नाव जाहिरातीत मोठे होते. प्रत्यक्षात त्यांचा हात किती?

ते कार्यकारी निर्माते होते. लेखन बोहेम यांचे आणि दिग्दर्शन दहा वेगवेगळ्या जणांचे. पहिला भाग भयपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या टोबी हूपर यांनी दिग्दर्शित केला आहे आणि त्यातली भीतीची हाताळणी पुढे पुन्हा तितकी नेमकी साधलेली नाही. संगीत लॉरा कार्पमन यांचे आहे. दहा दिग्दर्शकांमुळे भागाभागांत पोत बदलतो, हा आक्षेप बरोबर आहे. त्याचा फायदा एवढाच की १९४० चे दशक आणि १९७० चे दशक वेगळ्या हातांनी रंगवलेले दिसते. स्पीलबर्ग यांच्या जुन्या चित्रपटांतला आकाशाकडे पाहून भारावण्याचा भाव इथे शोधायला गेलेले प्रेक्षक बहुधा निराश होतात, कारण इथे आकाशाकडे पाहणारा माणूस आधी दार लावून घेतो.

तांत्रिक करामती आता जुनाट दिसतात का?

काही ठिकाणी दिसतात, विशेषतः संगणकावर घडवलेले परग्रहवासी पूर्ण उजेडात येतात तेव्हा. अंधुक प्रकाशातली दृश्ये मात्र अजूनही टिकून आहेत.

शेवट इतक्या जणांना का रुचत नाही?

अखेरच्या भागात कळते की परग्रहवासी उत्क्रांतीच्या ओघात भावना गमावून बसले आहेत, आणि जॉनपासून ॲलीपर्यंतचा सारा खटाटोप ती गमावलेली गोष्ट परत मिळवण्यासाठी होता. लष्कर ॲलीला ताब्यात ठेवण्यासाठी धडपडते. आपण इथे राहिलो तर आपल्या माणसांना कधीच शांती मिळणार नाही हे ओळखून ती आई-वडिलांना सोडून त्यांच्याबरोबर निघून जाते.

पहिला आक्षेप असा की पन्नास वर्षे मुलांना अंथरुणातून उचलून नेणाऱ्यांना एका स्पष्टीकरणावर सोडून दिले आहे. रसेल आणि जेसी यांच्या उद्ध्वस्त आयुष्यांचा हिशेब कोणी मागत नाही. हा आक्षेप वजनदार आहे आणि मालिकेकडे त्याचे उत्तर नाही. दुसरा आक्षेप रचनेचा आहे : शेवटचे दोन भाग बहुतांशी वेढा, पाठलाग आणि बंदुका यांत खर्ची पडतात, आणि ज्या मालिकेने आठ भाग घरांच्या आत काढले तिला हे अंगरखे शोभत नाहीत.

बचावाची बाजूही ऐकावी. ॲली निघून जाते तेव्हा या घराण्यांच्या इतिहासात प्रथमच कोणीतरी नेले जात नाही, स्वतःहून जाते. रसेलला, जेसीला, चार्लीला जो निर्णय कधी घेता आला नाही तो एक लहान मुलगी घेते. लिसा आणि चार्ली यांना हे मान्य करावे लागते, आणि ज्या पालकांनी आयुष्यभर आपले मूल नेले जाईल या भीतीत काढले त्यांच्यावर स्वतःच्या हाताने निरोप देण्याची वेळ येते. हे दृश्य काहींना भाबडे वाटते. प्रस्तुत लेखकाला ते मालिकेतल्या सर्वांत कठोर दृश्यांपैकी एक वाटते. फक्त तिथवर पोहोचण्याची वाट नको तितकी लांबवली आहे.

मुलांबरोबर पाहावी का?

लहान मुलांबरोबर नाही. मुख्य पात्र आठ-नऊ वर्षांचे असले तरी यात खून आहेत, शस्त्रक्रियेची भयावह दृश्ये आहेत, व्हिएतनामहून परतून व्यसनात अडकलेला बाप आहे, आणि मुलांना रात्री घरातून नेले जाण्याची भीती सतत आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना सोबत बसून दाखवायला हरकत नाही.

वेळ कमी असेल तर कोणते भाग पाहावेत?

पहिले दोन भाग सलग पाहावेत, कारण तिन्ही घराण्यांची सुरुवात आणि मालिकेतले सर्वोत्तम लेखन त्यांतच आहे. ते भावले नाहीत तर पुढे जाण्याचा अट्टाहास करू नये. भावले तर एका दिवशी एकच भाग, मूळ प्रसारणासारखा, या गतीने जावे. सलग चार-पाच भाग पाहिल्यास आवर्तने बोचू लागतात आणि निवेदन असह्य होते. मधले भाग गाळून थेट नवव्या-दहाव्यावर उडी मारणाऱ्यांना मेरी कोण आणि तिला एवढी घाई का, हे कळत नाही. त्यामुळे गाळायचेच असेल तर निदान सहावा आणि सातवा भाग गाळू नये. चार्ली आणि लिसा एकमेकांच्या आयुष्यात येतात ते तिथेच.